एकशे तीन

वाळपईच्या बाजारात, सायकलवाल्याच्या माडीवर माझं दुकान.
एप्रिल सरत आलेला. जिन्यानं निऱ्याचा वास वर येतो
गिऱ्हाइकाच्या आधी.

वासुदेव गांवसांनी टेबलावर काजूचा काटा ठेवला.
मागोमाग शेवंती गांवकर, कमरेवर पोतं.
"सकाळी वीस किलो, दुपारी त्याच पोत्याचे अठरा.
बिया काय सावलीत बसून घाम गाळतात?"
"पोराची शप्पथ, बाय, मी हात लावला नाही."
मग दोघंही माझ्याकडे बघू लागली,
देवाच्या अंगावरची पाकळी
उजवी पडते की डावी, बघतात तशी.

काटा उघडला.
आत मुंग्यांचा संसार, दोन उन्हाळ्यांची धूळ,
आणि मोजायला वेळ किती घ्यायचा हे जो ठरवतो
त्या जागी मसुरीच्या डाळीएवढी तपकिरी चकती.
कपाळावर १०३. म्हणजे एकशे तीन नव्हे;
दहा, पुढे तीन शून्यं, एवढे पिकोफॅरड.
दोन चंदेरी पापुद्र्यांमध्ये भाजलेली माती.

मातीचं मला सांगू नका. माझं माहेर डिचोलीचं, कुंभारांचं.
आबा मडक्यावर टिचकी मारत, कान न वळवता सांगत :
हे ठेव. ते फोड.
ही मातीही टिचकीला बोलते, पण विजेत,
ऐकायला डोळे लागतात, आणि हिरवा पडदा.

हिच्या जाती आहेत.
एन-पी-झिरो : अंगानं थोराड, धरते थोडं,
पण ऊन पडो, थंडी पडो, दिलेला शब्द तेवढाच.
एक्स-सेव्हन-आर : संसारी बाई, थोडं इकडे, थोडं तिकडे, निभावते.
आणि वाय-फाइव्ह-व्ही.
चिमूटभर देहात घागर साठवते,
पंचविसाला मापात, चाळिसाला
दहातला एक हिस्सा गिळून गप्प.
व्होल्ट वाढवले की आणखी आटते.
काहीच केलं नाही तरी म्हातारी होते :
पहिल्या दहा तासांनंतर जेवढी शंभरापर्यंत,
तेवढीच मग हजारापर्यंत, हळूहळू, हिशेबानं.
पुन्हा दीडशे अंशांवर भाजली
तर परत तरुण. आबांना हे पटलं नसतं.

पाच किलोचं वजन ठेवलं,
चकतीवर हेअर ड्रायर धरला.
पाच. चार नव्वद. चार सत्तर.
साडेचारला शेवंतीनं माझा हात धरला. "पुरे."

गांवसांनी कपाळाचा घाम पुसला. "म्हणजे मी चोर नव्हे!"
"नव्हे."
"मग कोण?"

डाग बघत होते मी. सोल्डरचा तो थेंब,
शेपटीकडे किंचित डावीकडे वळलेला.
असा थेंब या तालुक्यात एकच हात सोडतो.
तीन वर्षांपूर्वी वीज पडली होती, गांवस घाईत होते,
डब्यात एन-पी-झिरो नव्हती, पणजीला जायचा कंटाळा होता,
आणि आकडा तर तोच होता दोघींच्या कपाळावर.
"मी," म्हटलं.

खाली कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं.
बराच वेळ.

गांवस खिडकीकडे बघत बोलले,
"कारखान्यात माल दर वर्षी जास्तच भरायचा.
मला वाटलं, सातेरीची कृपा."
शेवंती बोटांवर दुपारी मोजत होती.
तीन हंगाम. एका हाताची पेरं संपली, दुसऱ्याची संपली,
तिनं पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.

मी जुनी चकती काढली, नवी बसवली,
ड्रायर फिरवला : पाच. पाच. पाच.
कोणी पैशाचं काढलं नाही. मीही नाही.

"ही जुनी किती वजनाची?" शेवंतीनं विचारलं.
उचलून तिनंच ती काट्यावर ठेवली.
आता खरं बोलणाऱ्या काट्यानं
शून्य दाखवलं,
आणि आम्ही तिघंही
त्या शून्याकडे बघत उभे राहिलो.